बॅटरी वाचवायची तर कंट्रोलर पारखून घ्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भाव आणि कर्ज यांवर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. मी एका लहानशा डब्याबद्दल बोलणार आहे. डुकरे आणि रोही पीक ठेवीनात, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी धुऱ्यावर झटका मशीन लावले. वर सोलर पॅनल, खाली बॅटरी आणि मधे तो डबा, म्हणजे चार्ज कंट्रोलर. पॅनल आणि बॅटरीसाठी आपण चार दुकाने फिरतो. कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो घेतो.

मीही तेच केले. श्रावणात झड लागली की कंट्रोलर रात्री मशीन बंद करायचा. मिस्त्री म्हणाला, वायर सरळ बॅटरीला जोडा. जोडली. मशीन चालले, पण बॅटरी दरवेळी पार रिकामी होत गेली. दुसऱ्या वर्षी, ज्वारी निसवल्यावर, ती बसली. एका रात्रीत डुकरांनी अर्धे वावर लोळवले. कंट्रोलर बिघडला नव्हता. तो बॅटरी वाचवत होता आणि मीच त्याला बाजूला सारले होते.

बैल उपाशी ठेवला तर खंगतो आणि नको तितके खाऊ घातले तर फुगतो. शिशाच्या बॅटरीचेही तसेच आहे. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. जास्त भरली की पाणी उडते आणि प्लेटा झिजतात. म्हणून कंट्रोलर घेताना चार प्रश्न विचारा.

पहिला, कितीवर तोडतो? १२ व्होल्टची बॅटरी भरून निवांत असली की सुमारे १२.७ दाखवते. स्वस्तातले अनेक कंट्रोलर १०.७ पर्यंत मशीन चालू ठेवतात. झटका मशीनसारख्या हलक्या भाराला एवढे खाली जाणे म्हणजे बॅटरी पूर्ण पिळणे. तोड ११.८ ते १२ वर ठेवता येईल असाच घ्या.

दुसरा, कितीपर्यंत भरतो? साध्या पाण्याच्या बॅटरीला १४.४ च्या आसपास भरून मग १३.६ च्या आसपास उतरणारा हवा. बंद बॅटरीचे आकडे तिच्यावर छापलेले असतात, ते पाहा. लिथियम बॅटरी असेल तर तिची वेगळी सेटिंग कंट्रोलरमध्ये हवीच.

तिसरा, उन्हाचा हिशेब ठेवतो का? हे आकडे २५ अंशांचे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. तेव्हा शिशाची बॅटरी सुमारे अर्धा व्होल्ट कमीवर थांबवावी लागते. ज्या कंट्रोलरला तापमान कळते तो हे आपोआप करतो. पण तो बॅटरीजवळ, सावलीत बसवा.

चौथा, किती अँपिअरचा? पॅनलच्या मागे शॉर्ट सर्किट करंट लिहिलेला असतो. त्याच्या सव्वापट धरा. ६ अँपिअर असेल तर साडेसात, म्हणजे १० चा पुरे. ३६ सेलच्या पॅनलला पीडब्ल्यूएम कंट्रोलर चालतो. घरावरचे ६० सेलचे मोठे पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचे असेल, तर पीडब्ल्यूएमवर जवळपास निम्मी वीज वाया जाते. तिथे एमपीपीटी घ्या. पॅनलचा व्होल्टेज त्याला झेपतो का तेही पाहा.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडताना आधी पॅनल. मशीनची वायर कंट्रोलरच्या लोडवरच.

आणि झडीत मशीन बंद पडू लागले तर डब्याला चुकवू नका. पॅनल वाढवा, त्यावरची धूळ पुसा, तारेला टेकलेले गवत कापा. कंट्रोलर शेकड्यांत येतो, बॅटरी हजारांत, आणि पीक गेले तर वर्ष जाते. आपण खताच्या गोणीचा काटा तपासतो. या डब्याचे आकडेही तसेच तपासून घ्या, एवढेच माझे सांगणे.