शस्त्रक्रियेनंतरचा वस्ताद

पूर्वी वस्ताद निवडावा लागत नसे. ज्या पेठेत माणूस वाढला त्या पेठेतली तालीम आणि त्या तालमीतला वस्ताद तोच आपला वस्ताद, असा साधा हिशेब असे. तांबड्या मातीत उतरणारा पोरगा निरोगी असे, त्याला भूक सपाटून लागे, आणि त्याच्याविषयी वस्तादाला जे ठाऊक असावयास हवे ते एका दृष्टिक्षेपात कळत असे. आज मोठ्या शहरांतील व्यायामशाळांच्या दाराशी जो नवा शिष्य येऊन उभा राहतो, त्याच्या बाबतीत हे खरे नाही. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेला हा मनुष्य बाहेरून चार जणांसारखाच दिसतो. परंतु त्याच्या पोटाची घडण बदललेली असते.

ही शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यविशारदाने १९६६ साली जठराचा बराचसा भाग वगळून अन्नाला वेगळी वाट करून दिली; ‘गॅस्ट्रिक बायपास’ या नावाने ती पद्धत पुढे रूढ झाली. हल्ली अधिक प्रचारात असलेल्या ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात, आणि मागे केळ्याएवढी एक अरुंद नळी राहते. चार घास पोटात गेले की जेवण संपते. वजन झपाट्याने उतरू लागते.

आणि नेमकी येथेच व्यायामशिक्षकाची गफलत होते. वजन उतरविणे हे त्याच्या धंद्याचे भांडवल. भिंतीवर ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे, कोपऱ्यात काटा, आणि दर सोमवारी त्या काट्यावर शिष्याची हजेरी! पण या शिष्याचे वजन शिक्षकावाचूनही उतरतच असते. उतरणाऱ्या प्रत्येक किलोत मेद किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. अन्न एकाएकी तुटपुंजे झाले की शरीर मेदाबरोबर स्नायूही खर्ची घालते, आणि स्नायू गेले की जिना चढणे, जमिनीवरून उठणे जड जाऊ लागते. म्हणून या मनुष्याचा खरा शिक्षक तोच, जो वजनाऐवजी बळ मोजतो: हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, मुठीची पकड कशी आहे, सहा मिनिटांत किती अंतर चालून होते. महिन्याकाठी हे आकडे वाढत असतील, तर काट्याकडे न पाहिले तरी चालेल.

असा शिक्षक ओळखावा कसा? पहिल्या भेटीत तो हुकूम सोडतो की प्रश्न विचारतो, एवढे पाहावे. शस्त्रक्रिया कोणती झाली, केव्हा झाली, शल्यविशारदाने वजन उचलण्याची परवानगी दिली आहे काय, औषधे कोणती चालू आहेत, रक्ततपासणीत लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व कसे आहे, हे ज्याला विचारावेसे वाटत नाही त्याच्या हाती देह सोपवू नये. चालणे बहुधा शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच सुरू होते. परंतु जड वजने सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे वर्ज्य असतात, आणि पोटावर ताण आणणारे व्यायाम त्याहूनही सबुरीने घ्यावे लागतात.

या प्रश्नांची उत्तरे देणे मात्र शिष्याच्या हाती, आणि तेथे एक निराळीच अडचण उभी राहते. पुष्कळ जण शस्त्रक्रिया लपवितात. ‘पळवाट काढली’ असे कोणी म्हणेल, ही भीती. सोसायटीत, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत ती लपविली तर फारसे बिघडत नाही. व्यायामशिक्षकापासून लपविली तर बिघडू शकते. दमलेल्या शिष्याला तो सद्भावनेने ग्लासभर गोड सरबत देतो. बायपास झालेल्या माणसाला त्याने थोड्याच वेळात धडधड, घाम आणि पोटात कळा येतात. कधी एक-दोन तासांनी रक्तातील साखर एकदम खाली येते. अंग दुखते म्हणून तो आयबुप्रोफेनची गोळी सुचवितो. तीच गोळी जोडलेल्या जागी व्रण निर्माण करू शकते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण वजनाबरोबर कमी करावे लागते. ते झालेले नसेल तर बैठकीतून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणीही घटाघटा पिता येत नाही, घोट घोट घ्यावे लागते, आणि त्यासाठी शिक्षकाने मध्ये मध्ये थांबावयास हवे.

आहाराची गोष्ट आणखी नाजूक. दिवसाकाठी निदान साठ ग्रॅम प्रथिने हवीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. आणि वाटीभर घट्ट वरणात ती सहासात ग्रॅमच असतात. शाकाहारी घरात हा हिशेब जुळविणे सोपे नव्हे. तो आहारतज्ज्ञाने जुळवावा. स्वतःच्याच कपाटातून पावडरचे डबे काढून विकणारा शिक्षक कितीही गोड बोलत असला, तरी त्याच्या सल्ल्यात त्याचा नफा मिसळलेला असतो, हे ध्यानी ठेवलेले बरे. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचेही तसेच. काही प्रमाणपत्रे खऱ्या अभ्यासाची असतात, काही आठवड्याअखेरच्या वर्गाची. चौकट दोहोंची सारखीच सुबक.

बायकांची अडचण वेगळी. सैल पडलेली कातडी, केस गळणे आणि आरशांनी मढविलेली ती खोली. पुष्कळजणी दुसऱ्या आठवड्यापासून तिकडे फिरकत नाहीत. त्यांनी घरी येणारी शिक्षिका पाहावी, अथवा गर्दी नसलेली दुपारची वेळ मागून घ्यावी. कोणी संकोच का करतो आहे हे ज्या शिक्षकाला सांगावे लागत नाही, त्याला दोन पैसे अधिक द्यावे लागले तरी द्यावेत.

लहान गावात असा कोणी मिळाला नाही, तर रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टला गाठावे. शस्त्रक्रिया झालेले शरीर त्याला परके नसते. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, रबरी पट्ट्याने ओढण्याचे व्यायाम, एवढे त्याच्याकडून शिकून घ्यावे आणि आठवड्यातून दोनदा-तीनदा घरी करावे. उरलेले दिवस चालावे. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच्याकडे जाऊन तीच खुर्ची, तेच अर्धे मिनिट मोजून घ्यावे.