काच लावलेली बाल्कनी आणि गॅसचा गिझर

मी मूळचा साताऱ्याचा, नोएडात नोकरीला आहे. इथल्या थंडीत आई राहायला आली होती. अंघोळ करून बाहेर आली आणि डोकं धरून बसली. "अरे, गरगरतंय." आम्हाला वाटलं, थंडी बाधली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा माझी ट्यूब पेटली.

आमचा गॅसचा गिझर बाल्कनीत. बसवला तेव्हा बाल्कनी उघडी होती. मग दिवाळीनंतरच्या धुरकटाला कंटाळून आम्ही तिला सरकत्या काचा लावल्या, इथे सगळेच लावतात. म्हणजे गिझर आता घरातच आला! वर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू. तो बाहेर हवा फेकतो, तेवढीच हवा कुठूनतरी आत ओढतो. आमच्याकडे ती गिझरच्या धुरासकट येत होती.

हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गळतीचा जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेल्यावर तो उरत नाही. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतं.

मार्च 2023, धुळवड. गाझियाबादजवळच्या मुरादनगरला रंग खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये गेलं, ते जिवंत बाहेर आलं नाही. आत गॅसचा गिझर होता, हवेला वाट नव्हती. जानेवारी 2024 मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले एकाच घरातले चौघे गेले. इंधन वेगळं, वायू तोच.

आम्ही काय केलं? गिझर बंद. पंख्याने धूर बाहेर ढकलणारा नवा घेतला. त्याचा धातूचा पाइप काचेच्या पार, उघड्यावर काढला. फिटर म्हणाला, "डक्ट में छोड़ देते हैं, साहब." मी नाही म्हटलं. त्या डक्टमध्ये वरच्या-खालच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात! बाल्कनीची एक काच आता चार बोटं उघडी असते, धुरकट असलं तरी. ज्योत पिवळी दिसली की मेकॅनिकला फोन. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय.

आई मात्र आजही आधी बादली भरते, गिझर बंद करते, मगच अंघोळीला जाते.