ओळखीचा भाडेकरू आणि नोंदणीचा कागद

पुण्यात माझ्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. निवृत्तीनंतर औषधपाण्याचा खर्च त्यांच्याच भाड्यातून भागतो. म्हणूनच ‘माणूस ओळखीतला आहे, कागद कशाला?’ असे कोणी म्हटले की मी सावध होतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. नोंदणीचे चार पैसे वाचवून मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

करार असेल तर कायदा पाठीशी उभा राहतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला कलम २४ नुसार दुप्पट शुल्क भरावे लागते. मात्र पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी वा वीज तोडायला मालकालाही मनाई आहे.

मी आणखी दोन पथ्ये पाळतो. खोली देताना पंखे, नळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घेतो. दरमहा भाड्याची पावती देतो. परगावाहून आलेल्या मुलांना राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणूनही हा करार उपयोगी पडतो.

कागद केला म्हणजे अविश्वास दाखवला, असे नव्हे. सगळे आधीच ठरलेले असले की जिन्यात भेटल्यावर फक्त ख्यालीखुशालीच विचारायची उरते.