कारागृहाच्या दारात उपचार खंडित होऊ नयेत

(एकलहरे, जि. नाशिक येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)



आपल्या एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्राचा शेजार आहे. तेथे पाळी बदलते, तेव्हा जाणारा कर्मचारी यंत्रांची स्थिती नोंदवहीत लिहून येणाऱ्याच्या हाती काम सोपवितो. मध्ये पोकळी राहून चालत नाही. येथून जवळच नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या उपचारांचीही अशीच सोपवणूक झाली पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा विचार नवा नाही. तीव्र अथवा धोकादायक आजार असलेल्या बंद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध सोडू नये, अशी तरतूद १८९४ च्या कारागृह अधिनियमातच होती. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांनी त्यापुढे जाऊन, क्षयरोग, एचआयव्ही यांसारख्या आजारांवरील उपचारांत सातत्य राहील अशी आरोग्यसेवेची रचना असावी, असे सांगितले.

सातत्य कशासाठी? साध्या क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिने चालतो. तो मध्येच सुटला, तर जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो आणि घरातील मुलाबाळांनाही संसर्ग पोहोचू शकतो. एचआयव्हीची औषधे तर आयुष्यभर घ्यावयाची असतात. मानसिक आजार, मधुमेह, रक्तदाब यांतही औषध अचानक बंद होणे घातक ठरते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर व्यक्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे बारा पटींहून अधिक आढळला. मादक पदार्थांचे अतिसेवन हे त्यातील प्रमुख कारण होते. तेथील परिस्थिती वेगळी आहे. तरी सुटकेनंतरचे पहिले दिवसच सर्वांत नाजूक असतात, हा बोध आपणही घ्यावयास हवा.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, न्यायाधीन होते. शिक्षा भोगणाऱ्याची सुटकेची तारीख ठाऊक असते. न्यायाधीन बंद्याचा जामीन मात्र केव्हाही मंजूर होतो. आदेश सायंकाळी आला, तर त्या घाईत औषधे व कागद कोण पाहणार? म्हणून सुटकेच्या दिवशी तयारी करून भागणार नाही. उपचारपत्रक पहिल्या दिवसापासून अद्ययावत असावे आणि काही दिवस पुरतील एवढी औषधे बाहेर पडताना हाती द्यावीत. क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीत असते. ती त्याच्या गावाकडील आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येते. एचआयव्हीचा उपचारही एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे वर्ग होतो. साधन आहे, कोणीतरी ते वेळेवर वापरावयास हवे.

यापुढचा भाग गावाचा आहे. माणूस परततो तेव्हा त्याच्याजवळ शिधापत्रिका नसते, बँकेचे खाते बंद पडलेले असते. क्षयरुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी मिळणारे दरमहा १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते) खात्यातच जमा होतात. ही कागदपत्रे उभी करून देणे पंचायतीच्या आवाक्यात आहे. आशा कार्यकर्तीने पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन औषधे चालू आहेत ना, हे पाहावे. शिक्षकांनी त्याच्या मुलांना वर्गात टोमणे ऐकावे लागणार नाहीत, एवढे जपावे; कारण मुलांचा अपमान होऊ लागला की बाप गाव सोडतो आणि उपचारही सुटतो.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावयाची आहे. एचआयव्हीबाधिताची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. आजाराचे नाव सरपंचांना कळण्याची गरज नाही. त्या माणसाला दवाखान्याची वाट मोकळी आहे, एवढे पाहिले की पुरे. मदतीच्या नावाखाली चौकशी सुरू झाली, तर रुग्ण आरोग्य केंद्राची पायरी चढणार नाही.

न्यायालयाने दिलेली शिक्षा कारावासाची असते, आजाराची नव्हे. न्यायाधीन बंद्याला तर शिक्षाही झालेली नसते. तो आपल्या घरी येतो, आपल्याच विहिरीचे पाणी पितो, आपल्याच मुलांत बसतो. त्याचे औषध चालू राहणे हे त्याच्या इतकेच आपल्याही हिताचे आहे. कारागृहाने नोंद सोपवावी आणि गावाने ती हाती घ्यावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.