शब्दांची सोयरीक



घोडा हंबरला, असे कोणी म्हटले तर घरातले चार वर्षांचे पोरही हसेल. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, वाघ डरकाळी फोडतो. शब्दांच्या या सोयरिकी आम्ही आईच्या मांडीवर शिकलो. इंग्रजीतल्या मात्र छडीखाली शिकाव्या लागल्या. 'कॅटल'चा 'हर्ड', 'शीप'चा 'फ्लॉक', 'वुल्व्ज'चा 'पॅक'! आपल्या एका कळपात ही तिन्ही मावतात. 'स्कूल ऑफ फिश' वाचून तर आम्ही माशांची शाळाच भरवली होती. हा 'स्कूल' जुन्या डच भाषेतून आलेला, त्याचा अर्थ झुंड, आणि शाळेशी त्याचे काही नाते नाही, हे फार उशिरा कळले.

हे झाले पाठांतराचे. पण काही जोड्या पाठ करताना त्यांच्या पोटातला निवाडाही आपण नकळत गिळतो. 'स्ट्रे डॉग' ही जोडी घ्या. 'स्ट्रे' म्हणजे धन्यापासून चुकलेले. जुन्या इंग्रजी कायद्यात अशा चुकार गुराची दवंडी पिटीत; वर्ष आणि एक दिवस लोटूनही धनी न आला, तर ते राजाचे किंवा जहागीरदाराचे होई. गुरांपुरते हे आपल्यालाही समजते. आपल्याकडे कोंडवाडे होतेच. पण आळीतला कुत्रा कोणापासून चुकला? तो तिथेच जन्मला, चार घरची शिळी भाकरी खाऊन वाढला आणि रात्री चारही घरांसाठी भुंकला.

आपल्या केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांत 'स्ट्रीट डॉग' ही जोडी आली आणि २०२३ च्या नियमांत 'कम्युनिटी अ‍ॅनिमल' ही. कुत्रा तोच. पहिल्या जोडीत तो कोणाचाच नाही, दुसरीत रस्त्याचा, तिसरीत आपणां सर्वांचा. आणि आपला म्हटला की नुसती भाकरी टाकून भागत नाही. त्याची लस आपली, नसबंदी आपली, आणि तो ज्या पोराला चावला त्याचे इंजेक्शन वेळेवर होते की नाही, ही काळजीही आपलीच. कारण पिसाळी एकदा अंगात दिसू लागली की बहुधा माणूस वाचत नाही.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच. इंग्रजी जोड्या अवश्य शिका, बिनचूक वापरा. पण सोयरीक करताना आपण घराणे पाहतो. शब्दांचेही पाहत चला.