दुष्काळफंड आणि तरुणांचे नाटक
(समितीच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



समितीचा जमाखर्च चिटणिसांनी आताच आपणांस वाचून दाखविला. चारा, टँकरचे पाणी, औषधे, मजुरी, सर्व बाबी त्यात आल्या आहेत आणि हिशेबतपासनिसांची सहीही झाली आहे. तेव्हा त्यावर मी बोलत नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे सोपविलेला विषय निराळा व जरा नाजूक आहे. आपल्या गावची जी तरुण मंडळी गेले दोन महिने पहाटे छावणीवर चारा मोजून देतात आणि दुपारी टाकीजवळ पाण्याची रांग सांभाळतात, त्यांनी रात्री शाळेच्या पडवीत तालमी करून एक नाटक बसविले आहे. नाटक दुष्काळाचेच आहे. तालुक्यात त्याचे प्रयोग करावेत आणि तिकिटांचे सर्व उत्पन्न आपल्या फंडास द्यावे, अशी त्यांची विनंती आहे.

या विनंतीवर दोन आक्षेप आले. पहिला लेखी आला: माणसे व गुरे पाण्यावाचून तळमळत असता नाटक कसले? दुसरा लेखी आला नाही, तो कानात सांगण्यात आला. नाटकात धान्याचा एक व्यापारी आहे, त्याचा प्रवेश गाळावा. गाळल्यास पहिल्या दोन रांगांची तिकिटे एकरकमी घेण्यास काही मंडळी सिद्ध आहेत. मी वकील आहे. आक्षेप कानात सांगितला म्हणून त्याचे उत्तरही कानातच द्यावे, हे माझ्या धंद्याच्या शिस्तीत बसत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. सार्वजनिक कार्यास रंगभूमीने हात देणे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नव्हे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालीवाला थिएटरात ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! आमच्या घरी आजोबांच्या तोंडून या प्रयोगाचे नाव निघाले की बाकीचे बोलणे थांबत असे. परंतु मला येथे एक भेद दाखवावयाचा आहे. त्या रात्री लोकांनी पैसे दिले ते गाण्यासाठी. फंड हे निमित्त होते. पैसा चोख जमला, आणि प्रेक्षक सूर घेऊन घरी गेला. आपल्या तरुणांचे नाटक त्या जातीचे नाही. ते ज्या जातीचे आहे, त्याचा दाखला मला बंगालात सापडतो.

सन १९४३ चा बंगालचा दुष्काळ आपण ऐकून आहात. ब्रह्मदेश १९४२ मध्ये जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडील नावा काढून घेतल्या, तेणेकरून कोळ्याचा व नावाड्याचा धंदा बसला. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरवर तुफान आले. लष्कराची खरेदी व कागदी चलनाचा सुकाळ यांची त्यात भर पडली. कलकत्त्यास डिसेंबर १९४२ मध्ये तांदळाचा घाऊक भाव मणास १३-१४ रुपये होता, तो मार्च १९४३ मध्ये २१, मेअखेर ३० च्या वर आणि ऑगस्टमध्ये ३७ रुपये झाला. येथे बसलेल्या व्यापारी मंडळींस हा आकड्यांचा जिना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या शेतमजुराची मजुरी या जिन्यावर चढली नाही, तो पहिल्याच पायरीवर मेला. धान्य मुळीच नव्हते म्हणून नव्हे, तर ते घेण्याची ऐपत सरली म्हणून लोक मेले, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा अंदाज १५ लक्ष केला. पुढील अभ्यासकांपैकी काहींनी तो ३० लक्षांपर्यंत नेला.

आता मुंबईच्या पेढीवर बसलेल्या माणसास हे कळावे कसे? युद्धकाळ होता, वृत्तांवर दाब होता. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे बाहेर गवगवा झाला. त्याच वर्षी २५ मे रोजी मुंबईस भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे ज्यास लोक ‘इप्टा’ म्हणतात त्या संस्थेची, पहिली अखिल भारतीय परिषद भरली होती, ना. म. जोशी हे तिचे पहिले अध्यक्ष. बिनॉय रॉय यांच्या नेतृत्वाखाली बंगालच्या तरुण-तरुणींचे एक पथक गाणी व छोटे प्रवेश घेऊन प्रांतोप्रांती हिंडले आणि १९४४ साली मुंबईस आले. मदत गोळा करणे हाच दौऱ्याचा हेतू. आपल्याकडेही अण्णाभाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. तेच पुढे अमर शेख व गवाणकर यांच्यासह १९४४ च्या लाल बावटा कलापथकात होते. ज्या गिरणगावच्या कामगाराने बंगाल नकाशावरही पाहिला नव्हता, त्याला तो डफावर ऐकू आला.

या मंडळींचे राजकारण माझे नव्हे, हे मी येथेच सांगून टाकतो. ती बहुतेक कम्युनिस्ट पक्षाच्या आश्रयाने वाढली, आणि त्या पक्षाचा त्या वेळी युद्धास पाठिंबा असल्यामुळे साठेबाजास जितके बोल लावले तितके इंग्रज सरकारास लावले नाहीत, अशी टीका झाली. टीकेत तथ्य आहे असे माझे मत आहे. परंतु साक्षीदाराचा पक्ष मला अमान्य आहे म्हणून त्याने डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरत नाही.

त्याच संघाने २४ ऑक्टोबर १९४४ रोजी कलकत्त्याच्या श्रीरंगम् नाट्यगृहात बिजन भट्टाचार्य यांचे ‘नवान्न’ हे नाटक केले. दिग्दर्शन स्वतः लेखकाचे आणि शंभू मित्र यांचे. शंभू मित्र तेव्हा २९ वर्षांचे. तृप्ती भादुडी, ज्या पुढे तृप्ती मित्र म्हणून गाजल्या, त्या तर विशीच्या आतल्या. पडद्यांना मखमल नव्हती, गोणपाट होते. नवान्न म्हणजे नव्या भाताचा सण. कोकणात कोजागिरीच्या सुमारास नव्याची पुनव करतात, त्याच कुळातला. प्रधान समाद्दार नावाच्या वृद्ध शेतकऱ्याचे कुटुंब गाव सोडून अन्नासाठी कलकत्त्यास येते. त्यात एक प्रवेश आहे: एका बाजूस धनिकाच्या घरी लग्नाच्या पंगती उठत आहेत, दुसऱ्या बाजूस उष्ट्याच्या ढिगाशी त्या कुटुंबातला एक पुरुष कुत्र्याशी झगडत आहे, आणि कुत्रे त्याला चावते. तांदूळ दडवून ठेवणारा कालीधन नावाचा व्यापारीही त्यात आहे.

हा प्रयोग कोणापुढे झाला, याचा विचार करा. कलकत्त्याच्याच लोकांपुढे. एक वर्षापूर्वी याच शहराच्या पदपथांवर माणसे पडली होती आणि जाणारे-येणारे त्यांना वळसा घालून कचेरीस जात होते. त्या वर्षी शहरात लग्ने झालीच असतील, पंगती उठल्याच असतील. त्या पंगतीत जेवलेले गृहस्थ तिकीट काढून खुर्चीवर बसले आणि आपलीच पंगत त्यांनी समोर पाहिली. कालीधनाचा प्रवेश गाळला असता तर नाटक अधिक सभ्य झाले असते. पण मग प्रधानाचे कुटुंब कोणाच्या हातून उपाशी राहिले, हे कोणास कळले नसते. दैवाच्या हातून, असे म्हणून प्रेक्षक सुखाने घरी गेला असता.

कायद्याचे दोन शब्द बोलतो. नाटकातील न आवडलेला भाग बंद करण्याचा अधिकार परकीय सरकारने १८७६ च्या कायद्याने घेतला. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० साली बंद पडले, ते कोणाचे प्रतिबिंब त्यात दिसले म्हणून, हे आपण जाणता. तो जुना कायदा २०१७ साली संसदेने रद्द केला. सरकारने जे सोडले ते आपण पहिल्या दोन रांगांच्या किमतीत विकत घ्यावे काय?

याउपर जे बोलणार आहे ते बोलावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. माझे वडील आडत्ये होते. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी त्यांचे दुकान पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात मी अडीच वर्षांचा होतो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होती; आपल्या गावची अर्धी वस्ती त्यांत होती. त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानाच्या मागल्या खोलीत ज्वारीची चाळीस पोती थप्पीस लागलेली होती. ज्वारी घरच्या शेतातली, आदल्या सालची. वडिलांनी ती पावसाच्या तोंडाशी काढली. मला हे ठाऊक नव्हते. मला सनद मिळाली त्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून हे सांगितले आणि विचारले, “कायद्याने त्यात काही चुकले होते का रे?” मी पाहून सांगतो म्हणालो. ते पाहणे माझ्या हातून आजतागायत झालेले नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

या मुलांचे नाटक मी वाचावयास घेतले तेव्हा मनात होते की व्यापाऱ्याचा प्रवेश थोडा सौम्य करण्यास सांगावे. यंदा आपल्यापैकी अनेकांनी छावणीस चारा खरेदीच्या भावाने दिला आहे. तेही कोठेतरी यावे, हे न्यायाचेच. ते मी त्यांस सांगितले, आणि त्यांनी तो उल्लेख घातलाही. मग ज्या मुलीने नाटक लिहिले तिने वही उघडून मला विचारले, “वकीलकाका, व्यापाऱ्याच्या तोंडी ज्वारीचा भाव आहे. तो बरोबर आहे का? चुकीचा असला तर लोक हसतील.” भाव बरोबर होता. मी वही मिटून परत दिली.

तेव्हा समितीपुढे माझी सूचना अशी. प्रवेश जसा आहे तसा राहावा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आणि वर्गणीसंबंधीचा अर्ज धर्मादाय कार्यालयाकडे मी स्वतः पाठवीन. त्याची फी समितीने देऊ नये, मी देईन. तिकिटांवर अनुक्रमांक असावेत, स्थळप्रती ठेवाव्यात, आणि पेटी त्याच रात्री तिघांच्या समक्ष मोजावी. मदतीच्या प्रयोगांचे उत्पन्न मंडप, मोटारी आणि चहापाणी यांतच जिरून फंडाच्या हाती चिल्लर येते, असे मी अनेक वेळा पाहिले आहे. म्हणून प्रयोगाचा खर्च तिकिटांच्या पैशांतून मुळीच होऊ नये. तो देणगीदारांनी बाब घेऊन वेगळा उचलावा.

राहिला पहिल्या दोन रांगांचा प्रश्न. त्या विकू नयेत. छावणीवर गुरे घेऊन बसलेल्या कुटुंबांस त्या विनामूल्य द्याव्यात. नाटक त्यांचे आहे, आणि त्यांच्या पाठीमागे बसून ते पाहण्यास आपणांस हरकत नसावी.

खर्चाच्या बाबींची यादी खजिनदारांच्या टेबलावर ठेवली आहे. मंडपापुढे मी माझ्या वडिलांचे नाव लिहिले आहे. ट्रक, दिवे आणि ध्वनिक्षेपक यांच्यापुढील जागा अद्याप कोऱ्या आहेत.