दाखल्याचा कागद आणि जमिनीचा कागद

(जागतिक आदिवासी दिनी, ९ ऑगस्टला, आरे कॉलनीतल्या सभेत झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्या पाड्यांसाठी इथे देत आहोत.)

केल्टीपाडा, खांबाचा पाडा, प्रजापूरपाडा इथले, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून नवापाडा, रावणपाड्याहून आलेले, मुलुंडच्या बाजूने आलेले, सगळ्यांना जोहार.

आज मला आरक्षणावर बोलायला सांगितलंय. मी घरातलीच गोष्ट सांगतो.

माझी पोरगी बारावी झाली. आपल्या जमातीच्या जागेवर नर्सिंगला नंबर लागला. आम्ही पेढे वाटले. मग म्हणाले, जातीचा दाखला चालणार नाही, व्हॅलिडिटी आणा. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा द्या. त्या तारखेला राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी काढली, म्हणून ती तारीख. आज्याचा शाळेचा दाखला मागितला. माझा बा शाळेत गेला नाही, त्याचा बा तर नाहीच. ते गवताचे भारे नेऊन गोरेगावच्या तबेल्यांत विकायचे. गवत विकल्याची पावती कोण देतो? बा म्हणाला, "मीच पुरावा. मला नेऊन उभा करा." पण माणूस फायलीला लावता येत नाही. मुदत संपली, जागा गेली.

आता कुणी म्हणेल, ही पडताळणीच नको. तसं म्हणू नका. पडताळणी आपणच मागितली आहे. नावा-आडनावाचं साम्य दाखवून दुसरेच लोक आपल्या जागांवर बसले. राज्याच्या नोकऱ्यांत आपल्याला ७ टक्के जागा. २०११ च्या जनगणनेत आपण ९ टक्क्यांच्या वर. म्हणजे ताट आधीच लहान, त्यातलंही दुसऱ्याने खाल्लं. ६ जुलै २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी आणि प्रवेश टिकणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने अशा लोकांना अधिसंख्य पदांवर टाकलं आणि रिकाम्या जागा खऱ्या आदिवासींनी भरायच्या ठरल्या. १२,५०० जागांचा हिशोब आदिवासी संघटना अजून मागतायत.

पण त्या जागेवर बसायलाही व्हॅलिडिटीच लागते. चोरासाठी लावलेलं कुलूप घरवाल्यालाच उघडत नाही, अशी आपली गत.

का उघडत नाही? बघा, १९४९ ला इथे आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. जमीन सरकारच्या नावावर. आपण त्याआधीपासून इथे, पण सातबारावर आपलं नाव नाही. गावात आज्याचा जुना सातबारा निघतो, त्यावरून नातं लावता येतं. आपला निघत नाही. जमिनीचा कागद नाही म्हणून जातीचा कागद अडतो. जातीचा कागद अडला की खुर्ची मिळत नाही. आणि खुर्चीत आपलं कुणी नाही म्हणून जमिनीचा कागद होत नाही. हे चक्र आहे. म्हणून मी म्हणतो, आरक्षणाची लढाई वेगळी आणि जमिनीची वेगळी असं करू नका. शिकलेली पोरं फक्त दाखल्यामागे आणि म्हातारे फक्त जमिनीमागे, असं झालं तर दोन्ही जाईल.

वनहक्क कायदा २००६ चा. तो नॅशनल पार्कातल्या वनजमिनीलाही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा. इथे मात्र म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा धरतात, फक्त तो दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे आणि लेखी पाहिजे. घर, विहीर, बांध, देवाचं ठिकाण, पुरण्याची जागा, हेही पुरावे. किमान दोन द्यायचे. अमुकच कागद आणा, असा हट्ट कमिटीला धरता येत नाही. जो माणूस दाखल्याच्या फायलीला चालला नाही, तो इथे चालतो.

म्हणून तीन कामं सांगतो.

एक, प्रत्येक पाड्यावर वही करा. म्हाताऱ्यांना बोलतं करा. कुणाचा बाप कोण, कुठलं झाड कुणाचं, कुठला देव कुणी मांडला, सगळं तारीख घालून लिहा आणि सही-अंगठा घ्या.

दोन, जुन्या शाळांची प्रवेश रजिस्टरं आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा. आपल्याच बापाच्या नाहीत, सगळ्या भावकीच्या.

तीन, बापाकडच्या नात्यात एकाला व्हॅलिडिटी मिळाली की ती दुसऱ्याच्या कामी येते. ती पेटीत लपवू नका. भाऊबंदकीचं भांडण असेल तर ते बांधावर करा, पोरांच्या कागदावर नको.

माझ्या पोरीचं असंच सुटलं. चुलत आज्याचं नाव एका शाळेच्या रजिस्टरात सापडलं, पुढे जात लिहिलेली, वारली. त्यावर तिचं झालं, मग भावकीतल्या चार पोरांचं. ती आता शिकतेय. पण तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

माझा बा अजून आहे. तुमच्याही पाड्यावर असे दोन-चार असतील. ते गेले की पुरावा गेला. आज घरी गेल्यावर वही काढा.

जोहार.